उत्तरा मोडकने काचघर सोडलं नाही

उत्तरा मोडकला अमेरिकेच्या सरकारने अनावश्यक ठरवलं ते एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, एका सोमवारी सकाळी. तिने अंगातला कोटही अजून काढला नव्हता. 'नॉन-इसेन्शियल' हा सरकारचा शब्द. त्या दिवशी देशभरातल्या दोनेक लाख सरकारी नोकरांना तो ऐकवला गेला आणि बहुतेक सगळे मुकाट्याने घरी गेले. उत्तरा गेली नाही.

मी तिला त्याआधीपासून चांगली ओळखत होते. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आमची घरं एकाच रस्त्यावर होती. ती मूळची सांगलीची. पुण्याच्या शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकली, लग्न होऊन प्रतापबरोबर इकडे आली आणि इथे पुन्हा एम.एस. केलं. प्रताप केमिकल इंजिनिअर. आकाश निरभ्र असलं तरी गाडीत छत्री ठेवणारा माणूस. उत्तरा त्याच्या अगदी उलट. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी 'बायकांनी प्रसादाचं बघा' असं म्हटलं, तर 'मी मखराचं बघते' म्हणून पदर खोचून शिडीवर चढायची. भांडखोर म्हणून तिचं नाव झालं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

नोकरी सरकारी शेती प्रयोगशाळेत. आमच्या गावापासून गाडीने पाऊण तासावर, शेतांच्या मधोमध असलेली बैठी विटांची इमारत आणि तिच्या मागे लांबलचक काचघर. तिथे ती माश्या पाळायची. मी तसं म्हटलं की चिडायची, "माश्या नाहीत गं, गांधीलमाशीची जात आहे ती." पण होत्या चिलटाएवढ्या. न्यू जर्सीतल्या घेवड्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत एक पिवळा ठिपकेदार भुंगेरा पडतो. त्याच्या अळ्या पानांची नुसती जाळी करून ठेवतात. ही बारीक गांधीलमाशी त्या अळीच्या पोटात अंडी घालते आणि अळी मरते. शेतकऱ्याची औषध फवारणी वाचते. अडचण एकच. ही माशी साठच्या दशकात भारतातून आणलेली, तिला इथला हिवाळा सोसत नाही. थंडी पडली की शेतातली शेवटची माशीसुद्धा मरते. म्हणून काचघरात वर्षभर घेवडा लावायचा, त्याच्यावर भुंगेरे वाढवायचे, भुंगेऱ्यांवर माश्या वाढवायच्या आणि उन्हाळा आला की त्या शेतांत सोडायच्या. काचघरात जगली तरच पुढच्या वर्षी माशी. ही साखळी उत्तरा सहा हिवाळे सांभाळत आली होती.

प्रयोगशाळेतला कुणीतरी एकदा तिला गमतीने म्हणाला होता, "तूही भारतातून आलेली, तीही भारतातून आलेली." उत्तरा म्हणाली, "मला थंडी सोसते." विषय संपला.

तर तो नोव्हेंबर. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांची खर्चावरून जुंपली होती. तूट वाढत चाललेली, कुठल्या खात्याचे किती कापायचे यावर एकमत होईना. शुक्रवारी रात्री मुदत संपली आणि सरकारकडे खर्च करायला कायद्याने मंजूर असा पैसाच उरला नाही. रविवारी आमच्याकडे चार घरं जेवायला जमली होती. माझा नवरा दिगंबर एका खाजगी कंपनीत होता आणि तूट या विषयावर त्याला भलताच उत्साह होता.

"यार, सरकारने कधीतरी पोटाला चिमटा काढायला शिकलंच पाहिजे," तो पुरी तोडता तोडता म्हणाला. "चार दिवस ऑफिसं बंद राहिली तर कुणाचं काय अडणार आहे?"

"तू आत्ता पुरीबरोबर जी घेवड्याची भाजी खातोयस ना," उत्तरा म्हणाली, "तिचं अडणार आहे."

सगळे हसले. प्रताप मात्र हसला नाही. घरी जाताना त्याने तिला बजावलं म्हणे, उद्या काही झालं तर तू उगाच पुढे होऊ नकोस.

सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. साहेब म्हणजे हॅरल्ड लिंडक्विस्ट, प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, वाकलेले, स्वभावाने वाईट नसलेले. त्यांनी वरून आलेला हुकूम वाचला. पहारेकरी आणि ते स्वतः आवश्यक. बाकी सगळे अनावश्यक, त्यांनी आपापली टेबलं आवरून दुपारच्या आत इमारत सोडायची. इमारत बंद, म्हणून हीटिंगही पाईप फुटणार नाहीत इतपतच ठेवायचं.

"काचघराचंसुद्धा?" उत्तराने विचारलं.

"काचघर इमारतीचाच भाग आहे."

"आज रात्री पाणी गोठणार आहे. घेवडा उद्या सकाळी काळा पडलेला असेल. भुंगेरे मरतील, मग माश्या."

लिंडक्विस्टनी चष्मा काढला. "मला माहीत आहे, उत्तरा."

"मग मी थांबते. पगार नको."

"ते तर अजिबात चालणार नाही. मंजूर पैसा नसताना सरकारने फुकटची सेवा घेणं हाच मुळात गुन्हा आहे. कायदाच आहे तसा. तू स्वखुशीने काम करू शकत नाहीस."

"मी स्वखुशीने काम करत नाहीये," ती म्हणाली. "मी फक्त इथून जायला नकार देतेय."

लोक हळूहळू गेले. काहींना सुट्टी मिळाल्याचा आनंद होता, काही घाबरले होते, घरांचे हप्ते चालू होते. उत्तरा काचघरात गेली. तिथला थर्मोस्टॅट कुणीतरी आधीच खाली आणून ठेवला होता. तिने तो पुन्हा वर नेला. नळी घेऊन तिने घेवड्याला पाणी घातलं, पिंजऱ्यांतली खाल्लेली पानं काढून ताजी लावली, माश्यांना मधाचे थेंब दिले. रोजचीच कामं. फक्त पुढच्या इमारतीत एरवी टाइपरायटरचा, टेलिफोनचा आवाज असायचा, तो आज नव्हता.

पहारेकरी ओटिस दारात येऊन उभा राहिला. व्हिएतनामहून परतलेला, पायाने थोडा अधू, एरवी उत्तराशी बेसबॉलबद्दल बोलणारा कृष्णवर्णीय माणूस.

"मॅडम, मला तुम्हाला बाहेर काढायला सांगितलंय."

"काढा मग."

"हात धरून?"

"दुसरा कुठला मार्ग आहे?"

ओटिसने जरा विचार केला. "मी सांगितलं असं लिहितो," तो म्हणाला आणि गेला. तासाभराने पुन्हा आला, पुन्हा तेच बोलला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घेवड्याच्या रांगेशी एका उलट्या बादलीवर बसला. "बाहेर फार गार आहे," एवढंच म्हणाला.

लिंडक्विस्टनी शेवटी प्रतापला फोन केला. प्रताप ऑफिसमधून निघून आला. त्या दुपारी त्या दोघांचं काचघरात काय बोलणं झालं ते मला उत्तराने फार नंतर सांगितलं.

"चल घरी," तो म्हणाला. "नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? उद्या तुझं नाव खराब झालं, तर आपल्यासारख्यांना इथे दारात कोण उभं करणार आहे? इथले लोक भांडले तर ते भांडले. आपण भांडलो तर आपण उपरे."

"मी शपथ घेतली ना इथे? नागरिक आहे ना मी? मग माझंही सरकार आहे हे. ते चुकत असेल तर मी सांगणार."

"किड्यांसाठी?"

"हो, किड्यांसाठी. माझं काम आहे ते. त्यांना हा देश चालवता येत नाही म्हणून मी माझं काम मरू देऊ? इतकी वर्षं मी हे नुसतं बघत बसण्यासाठी केलं का?"

प्रताप संतापाने लाल झाला. तो सहसा आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. मग पाठ फिरवून निघून गेला. काचघराचं दार त्याने इतक्या जोरात लावलं की ओटिस बादलीवरून उठून उभा राहिला.

संध्याकाळ व्हायच्या आत रेडिओवर बातमी आली. राष्ट्राध्यक्षांनी सही केली, काही आठवड्यांपुरती पैशांची सोय झाली, उद्या सगळ्यांनी कामावर यावं. लिंडक्विस्ट काचघरात येऊन म्हणाले, "झालं. आता तरी घरी जा." उत्तराने कोट घातला आणि गेली.

तिला वाटलं होतं की एवढ्यावर मिटेल. मिटलं नाही. घरी गेलेल्या सगळ्यांना त्या दिवसाचा पगार मिळाला. थांबलेल्या उत्तरावर आज्ञाभंगाचा ठपका आला. त्यात आणखी एक कलम होतं. परवानगीशिवाय सरकारी तेल जाळून काचघर तापवल्याचं. शिक्षा म्हणून काही दिवस बिनपगारी निलंबन.

लिंडक्विस्टनी तिला खोलीत बोलावलं. त्यांना हे मिटवायचं होतं, मनापासून.

"तू एक वाक्य म्हण," ते म्हणाले. "गडबडीत आदेश नीट समजला नाही, असं म्हण. मी वर तसं कळवतो. कागद फाडला जाईल."

"मला आदेश नीट समजला होता," उत्तरा म्हणाली. "म्हणूनच मोडला."

"उत्तरा, याने तुझ्या बढतीवर परिणाम होईल."

"होऊ दे. पण इंग्रजी न कळणारी बाई म्हणून मी सुटणार नाही."

तिने निलंबन घेतलं. ते दिवस तिने घरी बसून काढले नाहीत. दक्षिण जर्सीतल्या ज्या शेतकऱ्यांकडे उन्हाळ्यात माश्या सोडायची त्यांच्याकडे गाडी घेऊन गेली, आणि नेमकं काय झालं ते एकेकाला सांगत सुटली. त्यातल्या दोघा-तिघांनी आपल्या प्रतिनिधींना खरमरीत पत्रं लिहिली, असं नंतर कळलं. बढती मात्र खरोखरच गेली. तिच्या मागून आलेला एक मुलगा तिच्या वरच्या जागेवर बसला.

प्रताप त्या दिवसांत घरात असून नसल्यासारखा होता. जेवायचा, ताट उचलायचा, वर जायचा. मला वाटायचं, आता हे प्रकरण वाढतंय. मग संक्रांतीला मंडळात तिळगूळ वाटताना दिगंबरने मोठ्याने चेष्टा केली, "काय प्रताप, वहिनींच्या माश्या बऱ्या आहेत ना? सरकार पडलं म्हणे त्यांच्यापायी!" लोक हसले. प्रतापने हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"दिगंबर," तो म्हणाला, "दोन लाख लोकांना जा म्हटलं आणि ते गेले. माझी बायको गेली नाही. मला ते करता आलं नसतं. तुलाही आलं नसतं. तेव्हा हसू नकोस."

दिगंबरने घरी येताना गाडीत माझ्याकडे बघून विचारलं, "जास्त बोललो का मी?" मी म्हटलं, हो.

माश्या जगल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या शेतांत गेल्या, त्याच्या पुढच्याही. वॉशिंग्टनमधली भांडणं मात्र चालूच राहिली. दरवर्षी शरद ऋतू आला की पैसे अडकणार की नाही याच्या बातम्या सुरू व्हायच्या. उत्तरा आता वर्तमानपत्रात सगळ्यात आधी त्या वाचायची. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात पुन्हा अर्ध्या दिवसापुरतं सगळ्यांना घरी पाठवलं गेलं. लिंडक्विस्ट त्या वेळी हळूच तिच्या टेबलाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू थोडा वेळ काचघरात असलीस तर मी काही पाहिलं नाही."

"लेखी द्या," उत्तरा म्हणाली. "काचघर आवश्यक आहे असं."

"ते मला देता येत नाही, तुला माहीत आहे."

"मग मी थांबेन, पण तुम्ही पाहिलंत असं थांबेन. लपून नाही."

ती थांबली. त्या वेळी कुणी ठपका ठेवला नाही.

खरा घाव नंतर आला, आणि तो भांडणातून नाही, समेटातून आला. पंच्याऐंशीच्या डिसेंबरात काँग्रेसने नवा कायदा केला. तूट ठरलेल्या आकड्याखाली आणायची, आणि नेत्यांचं जमलं नाही तर सगळ्या खात्यांना सरसकट कात्री लावायची. मार्चमध्ये ती कात्री लागली. बहुतेक खात्यांना चार टक्क्यांच्या वर. उत्तराच्या प्रयोगशाळेच्या वाट्याला आलेली कपात भागवण्यासाठी माश्यांचा विभाग बंद करायचं ठरलं.

त्या वसंतात आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी एका शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. लोकांनी यावं, बजेटबद्दल बोलावं. लिंडक्विस्टनी उत्तराला बजावलं, सरकारी नोकराने असं बोलायचं नसतं. तिने रजा टाकली आणि साधी नागरिक म्हणून गेली. मी आणि प्रताप तिच्याबरोबर होतो. प्रतापने गाडी चालवली. हॉल शेतकऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी, शाळेच्या शिक्षकांनी गच्च भरला होता. उत्तरा निळ्या साडीवर जाड स्वेटर घालून माइकपाशी गेली. कुणीतरी मागे कुजबुजलं. ती वळून त्यांच्याकडे बघत थांबली. कुजबुज थांबली.

"मी माश्या पाळते," ती म्हणाली. लोक हसले, तिने हसू दिलं. "तूट आहे हे मला मान्य आहे. माझ्या घरात मिळकतीपेक्षा खर्च वाढला तर मीही कापते. पण मी सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या कापत नाही. दुधातलं थोडं, औषधातलं थोडं, असं नाही करत. मी बसते, नवऱ्याशी भांडते आणि ठरवते, हे हवं, हे नको. तुम्ही वॉशिंग्टनला बसून भांडलात, पण ठरवलं काहीच नाही. कात्री एका कायद्याच्या हातात दिलीत, म्हणजे दोष कुणाचाच नाही. पण माझ्या माश्या चार टक्क्यांनी कमी होत नाहीत. काचघर चार टक्के थंड ठेवता येत नाही. त्या हिवाळा काढतात, नाही तर सगळ्या मरतात. तुम्हाला त्या नको असतील तर इथे उभे राहून या शेतकऱ्यांना सांगा की मी ठरवलं, मला नको आहेत. मी ऐकून घेईन. पण आपोआप झालं असं म्हणू नका. आपोआप काही होत नाही."

प्रतिनिधी म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. "मग करा," उत्तरा म्हणाली आणि परत जागेवर आली. मागच्या ओळीतला एक शेतकरी उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग बरेच जण उभे राहिले. प्रताप बसूनच होता. तो रुमालाने चष्मा पुसत होता.

या गोष्टीचा शेवट सगळा गोड झाला असं मी सांगणार नाही. विभाग बंद व्हायचा तो झालाच. पण त्या सभेनंतर शेतकऱ्यांनी राज्याच्या शेती खात्याचा इतका पिच्छा पुरवला की खात्याने ट्रेंटनच्या आपल्या काचघरात माश्यांना जागा द्यायचं कबूल केलं. हस्तांतर ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी ठरलं. त्या आठवड्यात पुन्हा वॉशिंग्टनला पैसे अडकले. उत्तराने गुरुवारीच ट्रेंटनला फोन करून व्हॅन दुपारऐवजी सकाळीच मागवून घेतली. शुक्रवारी सगळ्यांनी दुपारी घरी जावं असा हुकूम आला, तेव्हा पिंजरे, रोपं आणि मधाच्या बाटल्या गाडीत चढून निघूनही गेल्या होत्या.

लिंडक्विस्ट रिकाम्या काचघरात उभे होते. "तुला आधीच ठाऊक होतं?"

"वर्तमानपत्र वाचते मी," ती म्हणाली.

तिच्या जागेचं काय, तर सरकारने तिला दूर दुसऱ्या राज्यात बदली देऊ केली. नको असेल तर 'स्वेच्छेने' राजीनामा द्यायचा. तिने त्यांना सांगितलं की माझी काही इच्छा नाही, तुम्ही मला काढताय, तसंच म्हणा. त्यावरून महिनाभर वाद चालला. अखेरीस जागा रद्द झाल्यामुळे नोकरी संपली, असं त्यांना म्हणावं लागलं. मग ती ट्रेंटनला, कमी पगारावर, एकेका वर्षाच्या करारावर, आपल्या माश्यांच्या मागोमाग गेली.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये तिने मला एकदा शेतावर नेलं. घेवडा गुडघ्यापर्यंत आला होता. उत्तराने कागदी पिशव्या उघडून रोपांवर टांगल्या आणि त्यांतून ठिपक्यांसारख्या माश्या निघून पानांवर पसरल्या. ऊन कडक होतं, ती टोपी विसरून आली होती आणि कपाळावर हात धरून त्यांच्याकडे बघत होती. शेजारी राज्याच्या खात्याचा एक तरुण अधिकारी उभा होता. शेतकऱ्याने विचारलं, पुढच्या वर्षीही येणार ना?

"राज्याचं बजेट वेळेत मंजूर झालं तर," अधिकारी म्हणाला. "यंदा जरा ताणाताण आहे."

उत्तराने कपाळावरचा हात काढला.

"येणार," ती शेतकऱ्याला म्हणाली. "बजेटचं आम्ही भांडून बघतो."